शिंगांची टोकं मोजण्याआधी फाटा कुठे फुटतो ते बघा: सांबर आणि बाराशिंगा

प्रश्न असा आहे: फेब्रुवारीत कान्हात काढलेले दोन फोटो. पहिल्यात मैदानातल्या गवतात उभा नर, प्रत्येक शिंगाला चार टोकं, म्हणजे एकूण आठ. गाईडने बाराशिंगा सांगितला, पण घरी टोकं मोजल्यावर बारा भरली नाहीत, म्हणून ते सांबर असावं अशी शंका आली. दुसऱ्यात संध्याकाळी तळ्यात, काठच्या झाडीलगत गुडघाभर पाण्यात एकटं उभं असलेलं, बिनशिंगाचं, ओलं, काळपट जनावर. पाण्यात आहे म्हणून त्याला बाराशिंगा म्हटलं गेलं. यातलं खरं काय?

तुम्ही केलेल्या वर्णनावरून पहिला बाराशिंगाच आहे. दुसरं जनावर बहुधा सांबराची मादी असावी, पण तिथे शेपटी आणि कान बघितल्याशिवाय मी पक्कं म्हणणार नाही. दोन्ही फोटोंत तुम्ही ज्या खुणेवर भिस्त ठेवलीत, म्हणजे टोकांची संख्या आणि पाणी, त्या दोन्ही कच्च्या खुणा आहेत. खरी अडचण तिथे आहे. चांगल्या खुणा कोणत्या आणि त्या कधी दगा देतात, हे कळलं की पुढचे फोटो तुम्हीच ओळखाल.

दोघांचं नातं जवळचं आहे. दोन्ही सारंग, म्हणजे दरवर्षी शिंगं गाळून नवी उगवणारे. जुन्या वर्गीकरणात दोघांनाही 'सर्व्हस' या एकाच प्रजातीत धरत. आज सांबर 'रुसा युनिकलर' आणि बाराशिंगा 'रुसर्व्हस डुव्हॉसेली' म्हणून ओळखले जातात. दोघांचेही नर मोठे, तपकिरी, मानेवर आयाळीसारखे लांब केस असलेले. त्यामुळे लांबून गोंधळ होणं अगदी साहजिक आहे.

आधी शिंगं, कारण खरी गंमत तिथेच आहे. पूर्ण वाढलेल्या सांबराच्या एका शिंगाला तीन टोकं असतात. एक कपाळावरून पुढे आलेला फाटा, आणि मुख्य दांडा वर जाऊन दुभागतो त्याची दोन. दोन्ही बाजू मिळून सहा. सांबर कितीही म्हातारं झालं तरी हा आकडा सहसा वाढत नाही. शिंग जाड होतं, लांब होतं, बुंध्याशी जास्त खडबडीत होतं, पण फाट्यांची रचना तीच राहते. एखाद्या नराला वेडंवाकडं जादा टोक फुटतं, पण ते एकाच बाजूला आणि बेढब असतं, लगेच खटकतं.

बाराशिंग्याची मांडणी वेगळी. कपाळावरचा फाटा लांब, आणि मुख्य दांड्याशी जवळजवळ काटकोनात पुढे आलेला. त्यानंतर दांडा निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत मोकळा, एकही फाटा नाही. मग तो फुटतो, आणि फुटलेल्या फांद्या पुन्हा फुटतात. हे 'पुन्हा फुटणं' महत्त्वाचं. चांगल्या वाढलेल्या नराला दोन्ही शिंगं मिळून दहा ते चौदा टोकं असतात, क्वचित त्याहूनही जास्त. बारा हा आकडा त्या पट्ट्यातला एक, नियम नव्हे.

आता तुमचा आठ टोकांचा नर घ्या. एका शिंगाला चार टोकं म्हणजे कपाळावरचा एक आणि वर तीन. वर तीन टोकं येण्यासाठी दुभागलेल्या दोन फांद्यांपैकी निदान एक परत फुटायला हवी. दोन्ही बाजूंना सारखंच असं झालं असेल, तर ते सांबर नाही. वाढीला लागलेला तरुण बाराशिंगा आहे. म्हणून मोजणी करायचीच असेल तर सवाल 'बारा आहेत का' हा नसावा, 'एका बाजूला तीनपेक्षा जास्त आहेत का' हा असावा.

ही कसोटी कुठे फसते तेही सांगतो. बाराशिंग्याचं नर पाडस मोठं झालं की त्याची पहिली शिंगं नुसते सुळके असतात, सांबराचीही तशीच. त्यानंतर एक टप्पा असा येतो की तरुण बाराशिंग्याला कपाळावरचा फाटा आणि वर साधा दुभाग, एवढंच असतं. हुबेहूब सांबराचा आराखडा. या वयाचे नर सर्वाधिक वेळा चुकीचे ओळखले जातात. तिथे मी तीन गोष्टी बघतो. एक, कपाळावरच्या फाट्याचा कोन: सांबराचा फाटा दांड्याशी लघुकोन करून वर झुकलेला, बाराशिंग्याचा समोर आडवा आलेला. दोन, पोत: सांबराचं शिंग जाडजूड, खोल चरे पडलेलं, बुंध्याशी गाठाळ. बाराशिंग्याचं त्या मानाने गुळगुळीत. तीन, शिंगाच्या जाडीचं डोक्याशी प्रमाण: सांबराचं शिंग तरुण वयातही भक्कम वाटतं. यातलं एकच चिन्ह जुळलं तर थांबू नका, निदान दोन जुळू द्या.

टोकं समोरून मोजली की हमखास चूक होते. समोरून बघताना मागची टोकं पुढच्यांमागे लपतात, आणि मागचं गवत किंवा काटक्या टोकांसारख्या दिसतात. बाजूने किंवा तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत मोजा, एका वेळी एकच शिंग, खालून वर. शिंगाची लांबी मात्र सोडून द्या, ती दोघांची एकमेकांत मिसळते.

वर्षातला ठरावीक काळच शिंगं उपयोगी पडतात हेही ध्यानात असू द्या. उन्हाळ्याकडे दोघांचीही शिंगं गळू लागतात, प्रत्येक नराची वेळ वेगळी. पावसाळ्यात नवी शिंगं मखमलीत, म्हणजे मऊ केसाळ कातडीच्या आवरणात, वाढतात. मखमलीतलं शिंग फुगीर, बोथट टोकांचं आणि अर्धवट असतं. त्यावरून फाट्यांचा हिशेब केला की वाढ पुरी न झालेला बाराशिंगा हमखास सांबर ठरतो. कान्हात बाराशिंग्यांचा मीलनकाळ डिसेंबर-जानेवारीत जोरावर असतो, तेव्हा शिंगं टणक आणि पूर्ण असतात. तुमचा फेब्रुवारी म्हणजे शिंगं वाचायला बरा महिना.

आता बिनशिंगाचं जनावर. माद्या, पाडसं, शिंगं गाळलेले नर धरले तर जंगलात दिसणाऱ्यांत हेच जास्त, म्हणून खरं कौशल्य इथे लागतं. माझी नजर आधी मागच्या बाजूला जाते. सांबराची शेपटी त्याच्या अंगाच्या मानाने चांगली लांब, झुपकेदार आणि गडद असते. खालची बाजू पांढरट. घाबरलं की ते शेपटी ताठ उभी करतं आणि तो पांढरा झुपका लांबूनही चमकतो. बाराशिंग्याची शेपटी आखूड, खालून फिकट, आणि एकूण मागचा भाग अंगाच्या रंगातच मिसळून गेलेला. शेपटी गडद आणि झुपकेदार दिसली की मी सांबराकडे झुकतो, मग बाकी काही दिसो न दिसो.

त्यानंतर कान. सांबराचे कान मोठे, रुंद, पसरट. ते सावध झालं की दोन्ही कान पुढे वळतात आणि डोक्यापेक्षा कानच नजरेत भरतात. बाराशिंग्याचे कान त्या मानाने बेताचे, आतून पांढुरक्या केसांचे, आणि चेहरा निमुळता, लांबट वाटतो. मग डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखालची ग्रंथी. सांबराच्या चेहऱ्यावर ती मोठी असते आणि चेतलेल्या जनावरात ती उलटून बाहेर आल्यासारखी उघडी दिसते. फोटो पुरेसा जवळचा असेल तर ही खूण फार कामाची आहे.

सांबराच्या मानेबद्दल एक गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्यावरून दरवर्षी 'जखमी हरीण' म्हणून फोटो फिरतात. प्रौढ सांबराच्या मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या खालच्या भागात, कधीकधी एक केस झडलेला, लालसर, ओला चट्टा दिसतो. मीलनकाळाच्या आसपास तो जास्त उघड होतो. नरांत आणि माद्यांतही आढळतो. त्यातून पातळ द्राव झिरपतो, कडेचे केस चिकटून जातात, माश्या बसतात. बघणाऱ्याला वाघाचा पंजा लागला असावा असं वाटतं. तो घाव नाही, गंधाशी संबंधित ग्रंथीचा भाग असल्याचं मानलं जातं. खरी जखम ओळखायची तर जागा बघा: चट्टा मानेच्या मधोमध, गोलसर आणि एकच असेल तर निश्चिंत राहा. ओरखडे, बाजूला गेलेली फाटकी कातडी, चालण्यात फरक असं काही दिसलं तर मात्र वनरक्षकाला कळवा. ओळखीसाठी सांगायचं तर असा चट्टा दिसलेलं मोठं तपकिरी जनावर सांबरच.

अंगाची चण आणि केस यांतही फरक आहे. सांबर हे भारतातलं सर्वांत मोठं हरीण. मोठा नर खांद्याशी साधारण दीड मीटरपर्यंत उंच भरतो आणि वजन सव्वादोनशे ते सव्वातीनशे किलो. बाराशिंग्याचा नर खांद्याशी १२० सेंटीमीटरच्या आसपास, वजन १७० ते १८० किलो. पण एकट्या जनावराच्या फोटोत आकाराचा अंदाज बांधू नये, लेन्स फसवते. शेजारी चितळ उभं असेल तर तुलना करता येते: चितळाचा नर खांद्याशी साधारण ९० सेंटीमीटर. सांबराचे केस राठ, विस्कटलेले, एकरंगी गडद. बाराशिंग्याचे मऊसर, पिवळट तपकिरी. उन्हाळ्यात अंगावर तांबूस तकाकी येते आणि पाठीच्या कण्यालगत फिकट ठिपक्यांची ओळ उमटू शकते. अशा माद्या चितळाच्या कळपालगत चरत असल्या तर त्यांना चितळ समजून पुढे जाणारेही पुष्कळ. चितळाचे ठिपके पांढरेशुभ्र आणि वर्षभर अंगभर असतात, एवढं लक्षात ठेवलं तर पुरे.

रंगावर एकट्याने कधीच निकाल देऊ नका. सकाळच्या कोवळ्या उन्हात सांबर तांबूस दिसतं. हिवाळ्यात मीलनकाळातले बाराशिंगा नर माद्यांपेक्षा बरेच गडद दिसतात, त्यात चिखलात लोळून आले असतील तर काळेच. आणि ओलं झालेलं कोणतंही जनावर काळपटच दिसतं. तुमच्या दुसऱ्या फोटोतला 'काळपट' हा शब्द म्हणून मी बाजूला ठेवतो.

पाण्याचंही तसंच. बाराशिंग्याला दलदलीतलं हरीण म्हणतात खरं, आणि तराईतला, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यातला, उत्तर प्रदेशातल्या दुधवाकडचा बाराशिंगा ओल्या गवताळ प्रदेशातच राहतो. त्याचे खूर पसरट असतात. पण कान्हातली उपजाती 'ब्रँडेरी' कठीण जमिनीवर वावरणारी आहे, तिचे खूर घट्ट, आटोपशीर. तीही पाण्यात उतरते, पाणवनस्पती खाते. पण सांबरही पाण्याचं तितकंच शौकीन. रणथंबोरच्या तलावांत सांबरं पोटापर्यंत पाण्यात उभी राहून पाणवनस्पती खाताना सर्रास दिसतात. पाण्यात उभं आहे यावरून एवढंच कळतं की ते पाण्यात उभं आहे.

त्यापेक्षा ते कुठून आलं आणि कुणाबरोबर आहे हे बघा. बाराशिंगा गवतावर जगतो, त्याचा आहार बहुतेक गवतच. म्हणून तो मोकळ्या मैदानात, दिवसाउजेडी, कळपाने दिसतो. दहा-वीस जनावरं एकत्र चरताना दिसणं कान्हात नवलाचं नाही, कधी त्याहूनही मोठा कळप असतो. सांबर झाडपाला, कोवळे कोंब, पडलेली फळं आणि गवत असं सगळं खातं, झाडीत आणि डोंगरउतारावर राहतं, एकटं किंवा दोन-चारच्या टोळीने फिरतं आणि मुख्यतः रात्री व सांजसकाळी बाहेर पडतं. तुमचं दुसरं जनावर संध्याकाळी, एकटं, काठच्या झाडीलगत होतं, हे सांबराच्या बाजूला जातं. पुरावा म्हणून दुबळा, पण दिशा दाखवणारा.

प्रदेशाची खूण मात्र भक्कम आहे आणि ती लोक विसरतात. सांबर भारतात जवळजवळ सगळीकडच्या जंगलांत आहे. बाराशिंगा मोजक्या ठिकाणी: तराईत दुधवा आणि आसपास, आसामात काझीरंगा, आणि मध्य भारतात कान्हा. 'ब्रँडेरी' उपजाती एका काळी कान्हापुरतीच उरली होती, आणि १९७० च्या गणनेत तिची अवघी ६६ जनावरं भरली. चराईची गुरं आणि शेती मागे हटली, गावं हलल्यावर गवताची मैदानं मोकळी झाली, शिकारी प्राण्यांपासून सुरक्षित कुंपणात पैदास केली गेली, तेव्हा कुठे संख्या सावरली. पाडसं लपायला उंच गवत हवं, तेच जाळलं किंवा चरून संपवलं की पुढची पिढीच उभी राहत नाही. या जनावराचं सगळं गणित गवताशी बांधलेलं आहे. २०१५ पासून काही बाराशिंगे सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आणि २०२३ मध्ये बांधवगडला नेले. म्हणजे बांधवगडचा २०२३ च्या आधीचा 'बाराशिंगा' लिहिलेला फोटो बहुधा सांबराचा. महाराष्ट्रात ताडोबा, मेळघाट, पेंच, नागझिरा, कोयना कुठेही काढलेला असा फोटो सांबराचाच. काश्मीरच्या हंगुळालाही काहीजण बाराशिंगा म्हणतात. ते तिसरंच जनावर आहे, दाचीगामच्या बाहेर त्याचा विचार करायची फारशी गरज नाही.

आवाज ऐकला असेल तर काम सोपं. सांबराचा इशारा म्हणजे एकच मोठा, दणदणीत 'ढांक', थोड्या अंतराने पुन्हा, सोबत पुढचा पाय आपटणं. वाघ किंवा बिबट्या दिसल्याखेरीज ते सहसा सतत ओरडत नाही, म्हणून गाईड त्याच्यावर विश्वास ठेवतात. मीलनकाळात सांबराचा नर तुलनेने गप्प असतो. तो मागच्या पायांवर उभा राहून डोकं आणि चेहरा फांद्यांना घासतो, गंध सोडतो. बाराशिंग्याचा नर याच्या उलट गाजावाजा करणारा: चढत जाणारी, पुन्हा पुन्हा येणारी लांब हाक मैदानभर घुमते, आणि गवतात शिंगं घुसळून तो गवताचा भारा डोक्यावर मिरवतो. शिंगांवर असं गवत अडकलेला नर दिसला तर बाराशिंगा असण्याची शक्यता जास्त, पण बाकीच्या खुणा बघायचं सोडू नका.

पाडसांचं थोडक्यात: बाराशिंग्याचं पाडस ठिपकेदार. सांबराच्या पिलावर ठिपके असलेच तर पुसट, आणि लवकर जातात. पायांच्या ठशांवरून या दोघांत निवाडा करू नका, कान्हाच्या कोरड्या रस्त्यावर तर मुळीच नाही. गळालेलं शिंग सापडलं तर जागेवरच फोटो काढा आणि तिथेच ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते उचलून घरी आणणं गुन्हा आहे.

एवढं सगळं वाचून गोंधळ झाला असेल तर माझा नेहमीचा क्रम असा: आधी जंगल कोणतं, मग शेपटी, मग कान, मग शिंगाचा फाटा पुन्हा फुटलाय का, आणि शेवटी कळप व जागा. रंग आणि पाणी यादीत नाहीत.

दुसऱ्या फोटोसाठी मूळ फाईल मोठी करून बघा, मोबाईलवर आलेली दाबलेली प्रत चालणार नाही. शेपटी पाण्यावर आहे का, झुपकेदार आणि गडद आहे का बघा. त्याच वेळी काढलेले मागचे-पुढचे फोटोही चाळा. जनावर पाण्यातून बाहेर पडताना शेपटी झटकतं, तेव्हा खालची पांढरी बाजू एखाद्या फोटोत सापडते. कान डोक्याच्या मानाने मोठे आणि पसरट दिसले तर सांबर लिहून टाका. फक्त पाठ आणि मान दिसत असेल, तर नोंदीत 'बहुधा सांबर, मादी' असं लिहा आणि सोबत वेळ व झोनचं नाव जरूर टाका. मागाहून कुणाला तपासायचं झालं तर त्याचाच उपयोग होतो.